कंट्रोल-एफ मराठीत का चालत नाही

कार्यालयात काम करणाऱ्या माणसाचा वेळ वाचवण्याचे उपाय आता सगळ्यांना पाठ झाले आहेत. माउस सोडा, की-बोर्डचे शॉर्टकट वापरा. ईमेल ठरावीक वेळीच उघडा. कामांची यादी सकाळी करा. एक्सेलमध्ये फिल्टर लावा, नोटिसा काढायच्या असतील तर मेल मर्ज शिका, आणि एखादं नाव शोधायचं असेल तर डोळे ताणत बसू नका, कंट्रोल-एफ दाबा. यातला एकही उपाय चुकीचा नाही. पण हे उपाय ज्या कार्यालयांत जन्मले, तिथे पडद्यावर दिसणारं अक्षर आणि संगणकाने साठवलेलं अक्षर एकच असतं. तालुक्याचं पंचायत समिती कार्यालय, सहकारी पतसंस्था, अनुदानित शाळेचा लिपिक, सोसायटीचा हिशेबनीस, वकिलाचा टंकलेखक यांच्याकडे ही गोष्ट धरून चालता येत नाही. तिथल्या असंख्य फायली अजून जुन्या फॉन्टांत आहेत, आणि जुन्या फॉन्टातल्या फायलीत कंट्रोल-एफ दाबून मराठी शब्द शोधला तर तो सापडत नाही. यावर नेहमी मिळणारा सल्ला असा, की ज्याचा ज्या फॉन्टात हात बसला आहे त्याला त्यातच काम करू द्या, काम झाल्याशी मतलब. ऐकायला हा सल्ला समजूतदार वाटतो. माझ्या मते मराठी कार्यालयांचा सर्वांत जास्त वेळ याच सल्ल्याने खाल्ला आहे, आणि तो सोडल्याशिवाय बाकीचे सगळे उपाय म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आधी जुन्या फॉन्टांना त्यांचं श्रेय दिलं पाहिजे. संगणक कार्यालयांत आले तेव्हा त्यांना फक्त रोमन लिपी येत होती. आयएससीआयआय हे भारतीय लिप्यांचं मानक १९९१ साली पक्कं झालं, त्याच वर्षी युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या मानकाची पहिली आवृत्ती निघाली, पण सामान्य माणसाच्या विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड आणि मंगल हा फॉन्ट आला तो विंडोज २००० बरोबर. मधल्या काळात श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, आकृती, कृतिदेव यांनी मराठीला छापखान्यात आणि कचेरीत नेलं. त्यांनी वापरलेली युक्ती साधी होती: रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसवायचा. कृतिदेवमध्ये ‘भारत’ असं लिहिलं की फायलीत साठवली जातात ती एच, के, के, जे, आर ही पाच रोमन अक्षरं. एच म्हणजे भ चा अर्धा भाग, पहिला के म्हणजे त्याचा दांडा, दुसरा के म्हणजे काना. डोळ्यांना भारत दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे मराठी शब्दच नाही. शिवाय प्रत्येक कंपनीने आपापली मांडणी ठरवली, त्यामुळे एका फॉन्टातला मजकूर दुसऱ्या फॉन्टात उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसते. कागदावर छापणे हाच शेवट होता तोवर याने काही बिघडत नव्हतं. ती परिस्थिती गेली. युक्ती मात्र राहिली.

ती राहिल्याने काय होतं, ते एका यादीवरून दिसेल. लाभार्थ्यांची नावं कृतिदेवमध्ये भरली आहेत आणि एक्सेलला ती अकारविल्हे लावायला सांगितली. एक्सेल ती साठवलेल्या रोमन अक्षरांप्रमाणे लावतं. ब साठी सी, क साठी डी, म साठी ई, न साठी यू आणि अ साठी व्ही साठवलेला असतो. म्हणून बाबूराव सर्वांत वर येतो, मग केशव, मग मोहन, आणि अशोक पार खाली, नामदेवच्याही नंतर. त्याहून वाईट अवस्था पहिल्या वेलांटीची. ती टाइपरायटरप्रमाणे व्यंजनाच्या आधी टाइप केली जाते आणि तशीच साठवली जाते, म्हणून किसन, दिलीप, विजय, निवृत्ती ही सगळी माणसं एफ या एकाच अक्षराखाली गोळा होतात. अशा यादीत फिल्टर लावून उपयोग नाही, वेगवेगळ्या फॉन्टांतल्या दोन याद्या एकमेकींशी ताडून बघता येत नाहीत, एकच माणूस दोन्हींत आला आहे का हे कळत नाही. मग लिपिक काय करतो? यादी छापतो, पट्टी लावून एकेक ओळ वाचतो आणि पेन्सिलने खुणा करतो. संगणक समोर असताना हे काम हाताने होतं, आणि बाहेरून पाहणारा म्हणतो की याला एक्सेल येत नाही.

आता हीच यादी एका कार्यालयाची न राहता जिल्ह्याची होऊ द्या. विधानसभेत तारांकित प्रश्न आला, माहिती उद्या दुपारपर्यंत हवी. जिल्ह्याहून प्रपत्र निघतं, तालुके ते भरून पाठवतात. एका तालुक्याचं श्रीलिपीत, दुसऱ्याचं कृतिदेवमध्ये, तिसऱ्याचं युनिकोडात, चौथ्याने प्रिंट काढून, सही-शिक्का मारून, स्कॅन करून पाठवलेलं, आणि पाचव्याने मोबाइलवर फोटो काढून. जिल्ह्याच्या कार्यासनावर बसलेली व्यक्ती रात्री एकत्रित माहिती तयार करते, म्हणजे जे पाच ठिकाणी टाइप झालं ते पुन्हा टाइप करते. त्यात आकडा चुकला तर खुलासा तिलाच द्यावा लागतो. या व्यक्तीला शॉर्टकटची यादी देणं मला क्रूर वाटतं. तिची बोटं संथ नाहीत. तिच्यापुढे आलेली माहिती बंद पेटीत आली आहे आणि पेटीची किल्ली कोणी पाठवलेली नाही.

याउलट, मजकूर खराखुरा मजकूर असेल तेव्हा काय होतं याचा पुरावा महाराष्ट्रात घरोघरी आहे. महाभूलेख या संकेतस्थळावर सातबारा शोधताना गट क्रमांक माहीत नसला तरी आडनावावरून किंवा पहिल्या नावावरून शोधता येतो. फॉन्टाच्या युक्तीने किंवा स्कॅन केलेल्या कागदांवर ही सोय उभी राहिली नसती. ते नाव डेटाबेसमध्ये अक्षर म्हणून आहे, म्हणून गावातल्या माणसालाही ते सापडतं. शोधता येण्याचं हे मोल कायद्यालाही कळलेलं आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमातलं कलम ४ अभिलेख सूचीबद्ध ठेवायला आणि शक्य तिथे त्यांचं संगणकीकरण करायला सांगतं. ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच मानक असं केंद्र सरकारने २००९ साली जाहीर केलं. तेव्हा युनिकोडचा आग्रह ही काही एखाद्या हौशी माणसाची आवड नव्हे.

विरोधात सांगितलं जाणारं सर्वांत वजनदार कारण हाताच्या सवयीचं असतं, आणि त्याला टाळून पुढे जाणं अन्यायाचं होईल. ज्यांनी गोदरेजच्या टाइपरायटरवर रेमिंग्टन मांडणीने मराठी टंकलेखन शिकून शासकीय परीक्षा दिली, मिनिटाला ४० शब्दांचा वेग मिळवला, त्यांनी पन्नाशीत पुन्हा अ आ इ पासून सुरुवात का करावी? हा प्रश्न रास्त आहे. पण त्यात दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. कोणती कळ दाबली की कोणतं अक्षर उमटतं, ही की-बोर्डच्या मांडणीची बाब. उमटलेलं अक्षर फायलीत कसं साठवलं जातं, ही युनिकोडची बाब. पहिली न बदलता दुसरी बदलता येते. टाइपरायटरच्याच मांडणीत टाइप करून युनिकोड मजकूर मिळवून देणारी साधनं आहेत. आयएसएमच्या नंतरच्या आवृत्त्यांत ही सोय आहे. वेलांटी आधी दाबली तरी सॉफ्टवेअर ती योग्य जागी साठवतं. म्हणजे ज्यांचा हात बसला आहे त्यांनी हात बदलायची गरज नाही, त्यांना फक्त कोणीतरी त्या संगणकावर योग्य पर्याय निवडून द्यायला हवा. वर्षानुवर्षं ‘युनिकोड शिका’ असं फर्मान निघालं आणि हा एवढा खुलासा कोणी केला नाही. माणसं बिथरली त्यात त्यांचा दोष नाही.

नव्याने शिकणाऱ्यांसाठी मात्र माझं मत स्पष्ट आहे: इनस्क्रिप्ट ही मांडणी शिकावी. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, क जिथे आहे तिथेच शिफ्ट दाबून ख, ग जिथे आहे तिथेच घ, आणि जोडाक्षरासाठी मध्ये हलन्ताची एक कळ. वर्णमाला ज्याला येते त्याला ही मांडणी समजावून द्यायला फार वेळ लागत नाही, आणि ती प्रत्येक विंडोज संगणकावर काही विकत न घेता मिळते. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडायची, मग विंडोजची कळ आणि स्पेस दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल करायची. मराठीतले ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ लिहिताना अनेकजण अडखळतात. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ मिळतो, पुढे हलन्त आणि य किंवा ह. सुऱ्या, दऱ्या, कऱ्हाड यांतला एकही शब्द मग चुकवावा लागत नाही. ज्यांना रोमन उच्चारांवरूनच लिहायचं आहे त्यांच्यासाठी विंडोज १० च्या २०१९ मधल्या सुधारणेपासून मराठी फोनेटिक की-बोर्डही आला आहे. दिवसभर टंकलेखन करणाऱ्याला तो मी सुचवणार नाही, कारण त्यात एका अक्षराला जास्त कळा पडतात. पण अधूनमधून दोन ओळींचा शेरा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला तो पुरतो, आणि अधिकाऱ्याने स्वतः दोन ओळी लिहिल्या तर लघुलेखकाची एक फेरी वाचते.

दुसरं कारण देखणेपणाचं. युनिकोडचे फॉन्ट ओबडधोबड, छापखानावाला युनिकोड फाइल घेत नाही, निमंत्रणपत्रिका आणि अहवाल जुन्या फॉन्टातच शोभतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत हे बरंचसं खरं होतं. मंगलची मराठी डोळ्यांना खटकते, कारण त्याचे ल आणि श हिंदी वळणाचे आहेत. पण आता राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू आहेत, मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू आहेत, आयआयटी मुंबईचा शोभिका आहे. सगळे मोफत, आणि छपाईच्या तोडीचे. छापखान्याची अडचण फॉन्टाची नव्हतीच, पेजमेकरची होती. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची आहे आणि तिला युनिकोड कळत नाही. इनडिझाइनला देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळवता येतात. एखादा छापखाना अजून पेजमेकरवर अडला असेल तर तेवढ्या एका कामापुरता मजकूर जुन्या फॉन्टात उलटवून द्यावा, मूळ फाइल युनिकोडातच ठेवावी. वर्षातून एकदा छापल्या जाणाऱ्या अहवालासाठी वर्षभराचा पत्रव्यवहार बंदिस्त करून ठेवणं कोणत्या हिशेबात बसतं?

जुन्या फायलींच्या ढिगाची भीतीही अशीच वाढवून सांगितली जाते. ढीग संपूर्ण बदलायची गरज नसते. ज्या नस्त्या बंद झाल्या त्या तशाच राहू द्याव्यात. जी यादी पुन्हा वापरायची आहे, जो मसुदा दरवर्षी निघतो, जी ज्येष्ठतासूची पुढे चालवायची आहे, तेवढंच परिवर्तकातून काढावं. सी-डॅकचा परिवर्तन आणि तसे इतर परिवर्तक हे काम करतात. मात्र परिवर्तकावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. रफार चुकीच्या अक्षरावर जाऊन बसतो, मधेच आलेला इंग्रजी शब्द किंवा ईमेलचा पत्ता मराठी अक्षरांत बदलून त्याचा चुथडा होतो. म्हणून बदललेली यादी एकदा नजरेखालून घालावीच लागते. पण हे वाचन एकदाच करावं लागतं, पट्टी आणि पेन्सिल घेऊन चाललेलं वाचन दर महिन्याला.

युनिकोडचे स्वतःचे दोष सांगणाऱ्यांशी मी भांडणार नाही, कारण ते दोष खरे आहेत आणि रोज काम करणाऱ्याला ते माहीत असलेच पाहिजेत. मराठीतला ॲ हा स्वर स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आला २००८ साली. त्याआधी, आणि सवयीने अजूनही, तो अ वर अर्धचंद्र देऊन लिहिला जातो. ‘ॲड.’ आणि ‘अॅड.’ डोळ्यांना सारखेच दिसतात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. वकिलांच्या यादीत एक शोधला तर दुसरा सापडत नाही. उपाय एवढाच, की कार्यालयाने एक रूप ठरवावं आणि शोधा-बदला वापरून जुनी सगळी एका झटक्यात सारखी करावीत. पीडीएफची तक्रारही अशीच. युनिकोडात टाइप केलेल्या पत्राची पीडीएफ केली आणि त्यातून मजकूर कॉपी केला, तर वेलांट्या आणि जोडाक्षरं अनेकदा विस्कटतात. त्यावर माझं उत्तर हे, की पीडीएफ ही वाचायची प्रत आहे. पुढे ज्यावर काम व्हायचं आहे ती वर्ड किंवा एक्सेलची मूळ फाइल तिच्यासोबत गेलीच पाहिजे. पण या दोषांवरून जुन्या फॉन्टाकडे परत जाणं पटत नाही. युनिकोडातली चूक सापडते आणि दुरुस्त करता येते. जुन्या फॉन्टात चूक शोधायलाच धड साधन नाही.

हल्ली एक नवं उत्तर मिळतं: आता यंत्र स्कॅन वाचतं, मराठी बोललेलंही लिहून घेतं, मग कशाला एवढा आटापिटा? गूगलचं बोलून टाइप करणं मराठीत २०१७ पासून आहे आणि चित्रातली देवनागरी ओळखणारी साधनं खूप सुधारली आहेत, हे मान्य. कच्चा मसुदा बोलून सांगायला, १९६० सालचा ठराव वाचून काढायला ती जरूर वापरावीत. पण जे पत्र आजच संगणकावर टाइप झालं, त्याची अक्षरं फायलीत तयार होती. ते छापायचं, सही करून त्याचा फोटो काढायचा, आणि मग दुसऱ्या यंत्राला त्या फोटोवरून अक्षरांचा अंदाज बांधायला लावायचा, यात हातात असलेली खात्री टाकून अंदाज विकत घेतला जातो. शिक्का जिथे अक्षरांवर पडला असेल तिथे अंदाज चुकणारच, आणि शिक्का बहुधा नावावर किंवा रकमेवर पडतो. सही हवी, हे कारणही टिकत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला आणि इलेक्ट्रॉनिक सहीला मान्यता दिलेली आहे, आणि मंत्रालयातून निघणारे शासन निर्णय डिजिटल स्वाक्षरीने आणि संकेतांकासह संकेतस्थळावर येतात. ज्या कार्यालयात डिजिटल स्वाक्षरी पोचलेली नाही, तिथे स्कॅन प्रत पाठवावी, पण तिच्या जोडीला मूळ फाइलही.

मजकूर मोकळा झाला की नेहमीचे उपाय आपोआप कामाचे ठरतात. वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये ‘उविअ’ लिहिलं की ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ उमटावं अशी सोय करता येते. ३०० थकबाकीदारांच्या नोटिसा मेल मर्जने निघतात आणि नावं बरोबर येतात. दोन वर्षांपूर्वीचं पत्र फोल्डरमध्ये शोध घेऊन सापडतं. फायलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहिला तर पत्रं तारखेच्या क्रमाने लागतात. हे सगळं कोणत्याही प्रशिक्षणात सांगतात आणि प्रशिक्षण घेतलेला माणूस जागेवर परतल्यावर ते वापरत नाही, कारण त्याच्या फायलींवर ते चालत नाही. प्रशिक्षण देणाऱ्याने पहिला तास फायली पाहण्यात घालवला असता तर उरलेले तास वाया गेले नसते.

राहिला प्रश्न सुरुवात कोणी करायची याचा. सगळे बोट दाखवतात ते टंकलेखकाकडे. ते मला मुळीच मान्य नाही. मधल्या पायरीवरच्या माणसाला फॉन्ट निवडायचा अधिकार नसतो. वरून जे प्रपत्र येतं त्याच फॉन्टात त्याला भरावं लागतं. म्हणून जबाबदारी माहिती मागणाऱ्याची आहे. ज्या कार्यासनातून प्रपत्र निघतं त्याने ते युनिकोडात, एक्सेलमध्ये काढावं. तालुका आणि गाव टाइप करायला न लावता यादीतून निवडायला द्यावं. प्रत्येक गावापुढे स्थानिक शासन निर्देशिकेतला त्याचा संकेतांक ठेवावा, म्हणजे पिंपळगाव नावाची अनेक गावं असली तरी माहिती एकमेकींत मिसळणार नाही. आणि ठळक अक्षरांत लिहावं, की स्कॅन किंवा फोटो स्वरूपातली माहिती प्राप्त झाली असं समजलं जाणार नाही. लिपिक-टंकलेखकाच्या भरतीतही मिनिटाला ३० शब्दांच्या वेगाबरोबर उमेदवाराला तीन फॉन्टांत भरलेली एक बिघडलेली यादी द्यावी आणि ती दुरुस्त करून अकारविल्हे लावून दाखवायला सांगावं. भरतीचे नियम बदलायला वेळ लागेल. प्रपत्र मात्र पुढच्या पत्रापासून बदलता येतं. त्यासाठी ना निविदा काढावी लागते ना वेगळा निधी, आणि ज्याच्या सहीने ते प्रपत्र निघतं त्याने एवढं एकदा केलं तर खालच्या प्रत्येक तालुक्यातली एक रात्र वाचते.